दोन प्रतींचा रुपया

माझी परीक्षा करणाऱ्या माणसाची परीक्षा तुम्ही कधी केली आहे का? मी चांदीचा एक जुना रुपया हे विचारतो आहे.

टांकसाळीतून निघालो, बाजार थोडाच पाहिला आणि येळ्ळूरच्या मालुबाईंच्या सासूने मला देवघरात बसवले. तेथे मी लक्ष्मी झालो. माझ्यावरील राजाच्या दाढीत कुंकवाची लाली कायमची बसली.

संग्राहक झीज पाहून नाण्याची प्रत ठरवतात. झीज कमी, तर प्रत वरची. निपाणीचा व्यापारी परशराम जुनी नाणी विचारत गावात आला. संग्राहक मंडळाचा परीक्षकही तोच. त्याने मला भिंगाखाली धरले. त्याचा डोळा चमकलेला मी पाहिला. तोंड मात्र त्याने पाडले.

"झिजलंय, आक्का. हलकी प्रत. खंडित मूर्ती पुजता काय? मग असलं नाणं देव्हाऱ्यात कशाला?"

मालुबाई दचकल्या. पापाच्या भीतीने त्यांनी मला दिले आणि त्याच्याकडचे नवे, चकचकीत नाणे घेतले. देवभीरू माणसाला फसविण्यासाठी देवच पुढे करावा, याहून हीन कर्म नाही.

पुढे बेळगावात प्रदर्शन भरले. मी पारदर्शक डबीत बंद. खाली चिठ्ठी : 'उत्तम प्रत. न वापरलेले. परीक्षक : परशराम.' मालुबाईंचे शेजारी केशव गुरुजी त्यांना घेऊन आले. गुरुजींना नाण्यांचा नाद होता. चिठ्ठ्यांवर विश्वास नव्हता.

"अगं बाई, ह्यो माझाच! दाढीतलं कुंकू बघा की, गुरुजी!"

"न वापरलेल्या नाण्याला कुंकू कुणी लावलं, परशराम?" गुरुजींनी विचारले. "येळ्ळुरात हलकं, इथं उत्तम. माप कुठलं?"

"प्रत म्हंजे नजरंची गोष्ट, गुरुजी. उजेड बदलला की प्रत बदलतीया."

"उजेड न्हाय, मालक बदलला," मालुबाई म्हणाल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी यल्लम्माचा भंडारा टेबलावर ठेवला. "उचला भंडारा, अण्णा. म्हणा, दोन्ही येळंला खरं बोललो."

परशरामाचा हात पुढे गेला आणि मागे आला. सर्वांनी पाहिले.

मंडळाने मला मालुबाईंच्या हवाली केले आणि मी देवघरात परतलो. तुम्हाला एवढेच सांगणे : कोणी प्रत सांगू लागला, तर तो घ्यायला आला आहे की विकायला, हे आधी विचारा.

परशरामाचे परीक्षकपद त्याच दिवशी गेले. आता त्याच्या दुकानातील अस्सल नाण्यांचीही प्रत कोणी मानत नाही. ती त्याला सराफाकडे मोडीत घालावी लागतात.