चमच्यामागचा शिक्का

पापडीच्या बाजारात माझं चांदीचं दुकान आहे. जुनी चांदी चकाचक करून देण्यात भालचंद्राचा हात धरणारा कोणी नाही, अशी फुशारकी मी आयुष्यभर मारली. तीच आता अंगाशी आलीय.

मागच्या गुरुवारी पाचूबंदरच्या तेरेसाबाय आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. सोबत नात, ॲनिशा. रुमाल सोडून त्यांनी चांदीचा जाड चमचा काउंटरवर ठेवला, तो मी लगेच ओळखला. तान्ह्या तेरेसाबायना कोणीतरी सिस्टरांच्या आश्रमाच्या पायरीवर ठेवून गेलं, तेव्हा दुपट्यात हा चमचा होता. आईबापाचं म्हणून त्यांच्याकडे एवढंच.

"अंकल, जुन्या चांदीवर कारागिराचा शिक्का असतो ना," ॲनिशा म्हणाली. "त्यावरून बनवणारा कळतो, गाव कळतं. नेटवर एक मॅडम ओळखून देतात. पण आम्हाला शिक्काच दिसत नाही."

मी भिंग लावलं. दिसणार काय, कपाळ? दांड्याची मागची बाजू गुळगुळीत होती, आणि ती मीच केली होती. तीस वर्षांपूर्वी, त्यांच्या मुलाच्या, सेबेस्टियनच्या लग्नात टेबलावर मांडायला म्हणून चमचा माझ्याकडे आला. पॉलिशची मोटर नवी, मला भारी हौस. मागे काळपट खळगा होता, त्यात काहीतरी कोरलेलं. डाग राहिला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, म्हणून खळगा जाईस्तोवर घासला. काय कोरलंय ते बघायची तसदीसुद्धा घेतली नाही, गाढवाने.

झिजला असेल, म्हणून सुटता आलं असतं. पण बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तेरेसाबाय, तो शिक्का मीच घासून टाकला," मी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चमचा माझ्याकडे सरकवला.

"म्हंजे तू तो पायलास. तुज्याबिगर आता कोनी नाय. काडून दाव, कसा होता."

ॲनिशाने कागद-पेन पुढे केलं. मला काडीचं आठवत नव्हतं. तेवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण आधीच एवढं वाटोळं केलेलं, पुन्हा नाही कसं म्हणायचं. मी एक पक्षी काढला. त्याखाली इंग्रजीत दोन अक्षरं, एम आणि डी.

"पक्षी," त्या म्हणाल्या. कागदावरून बोट फिरवत परत एकदा म्हणाल्या. मग माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ सोडला नाही.

काल ॲनिशाचा फोन आला.

"अंकल, रविवारी चर्चला या. आजीने तिच्या आईबाबांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मिस्सा ठेवलाय. इतकी वर्षं नाव माहीत नाही म्हणून ठेवलाच नव्हता. आता फादरना नावाच्या जागी एम. डी. लिहून दिलंय. मी सांगितलं, ही कारागिराची अक्षरं असतील, पण ऐकत नाही. म्हणते, भालूला माझ्या बाजूला बसवायचा."

मी येतो म्हणालो.