गुणाजीला खाली जायचं होतं

पायात चप्पल घालायची की नाही, यावरून त्या रविवारी आमच्या तिसऱ्या मजल्यावर भांडण पेटलं. लाकडी पाय अजून यायचाच होता.

"अनवाणी चलाचो पाय करून घेवा," गुणाजीची बायको मालन म्हणत होती. "घरात चप्पल कित्याक होयी?"

"माका घरात चलाचा नाय," गुणाजी म्हणाला. "माका खाली जावचा आसा."

"खाली काय पुरून ठेवल्यात?"

दोघांच्या मध्ये कुशाबा मिस्त्री मांडी घालून, गळ्यात माप घ्यायची पट्टी टाकून बसला होता. तो म्हणाला, "हे बगा, चप्पल घालायची असंल तर टाच उचलून घ्याय लागती. अनवाणी चालायचं असंल तर तळवा सपाट. दोन्ही एका पायात होत न्हाई. तुमी ठरवा, मी तवर च्या पितो."

"च्या दिल्यान कोणी तुमका?"

"देशीला की. भांडान संपल्यावर."

मालनला हसू आलं. ते तिने पदराआड ढकललं.

कुशाबा कऱ्हाडकडचा सुतार. परळच्या एका इस्पितळामागे लाकडी पाय नि पट्टे बनवायचा कारखाना होता, तिथे कामाला. सुट्टीच्या दिवशी पिशवीत कानस, पटाशी, वादी घेऊन घरोघर जायचा. ज्यांना जिना उतरून इस्पितळात येता येत नाही त्यांच्याकडे. आणि कुठेही गेला की पट्टी काढायच्या आधी एकच विचारायचा, "पाय आल्यावर पैलं कुठं जानार?" कारण पाय त्याप्रमाणे घडायचा. वरळी कोळीवाड्यातली एक म्हातारी म्हणाली होती, वाळूत, होडीपाशी. तिला त्याने बदकासारखा पसरट तळवा करून दिला. फणसवाडीतल्या पद्मजाबाई म्हणाल्या, देवघरात. आणि देवघरात कातडं चालत नाही. तिथे कुशाबाने कातडी पट्टे काढून जाड कापडाचे शिवले. पद्मजाबाईंच्या सासूने ते तीनदा धुवायला लावले, ती गोष्ट वेगळी.

त्याने गुणाजीलाही विचारलं.

"शेवंतीवयनीच्या दारापर्यंत," गुणाजी म्हणाला.

मालन न पेटवलेल्या स्टोव्हला पंप मारत बसली.

*

थांबा. हे शेवंतीचं दार कुठलं ते सांगायला हवं.

तळमजल्यावर, जिना संपतो तिथलंच पहिलं. शेवंती म्हणजे बुधाजीची बायको. बुधाजी आणि गुणाजी एका वाडीतले, एका मिलमधले, एकाच खात्यात साच्यांवर उभे राहणारे. छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती तेव्हा दोघे बाहेर पडले. बुधाजी परत आला तो चार माणसांच्या खांद्यावर. गुणाजी पुष्कळ दिवसांनी आला, मांडीपासून खाली एक पाय नसलेला.

आमची चाळ तेव्हापासून छाती काढून चालायची. बुधाजी आमचा हुतात्मा. गुणाजी आमचा सत्याग्रही. गावकीच्या खोलीत बुधाजीचा फोटो लागला. शेवंतीला समितीच्या लोकांनी शिवणाचं काम मिळवून दिलं, पोराची फी माफ झाली. गुणाजीच्या घरी कुणी तांदूळ टाकायचा, कुणी सुकी मच्छी. शेवंतीसुद्धा सणाला वाटीभर काहीतरी वर धाडायची. कुणाच्या तरी हाती. स्वतः कधी वर आली नाही.

आणि गुणाजी कधी खाली गेला नाही. आम्ही म्हणायचो, चल, खुर्चीत घालून नेतो, सभा आहे, तुला व्यासपीठावर बसवतो. तो म्हणायचा, "माका माझ्या पायान जावचा आसा. उचलून नाय."

आम्हाला वाटायचं, केवढा मानी माणूस.

*

नळावरचं बोलणं. मालन हंडा भरतेय, कुशाबा हात धुतोय. (आमच्या चाळीत नळावर बोललेलं झाकून राहत नाही. फक्त कधीकधी उशिरा कळतं.)

"मेस्त्रीनू, एक सांगतंय. पाय असो करा की ह्यांका घरात फिराक येयत. पाटावर बसाक येयत. पण जिनो उतराक येता नये."

"आँ? वैनी, लोक उलटं सांगत्यात."

"ता त्यांचा. माझा वायला आसा."

"का पर? मानूस तळमळतोय खाली जायला."

"तळमळतत ता माका दिसत नाय काय? खाली जाऊन काय करतले म्हायत आसा? शेवंतीच्या दारात उभे ऱ्हवान सांगतले, आमी सत्याग्रहाक नव्हतो गेलो."

"मग कुठं गेल्तात?"

"रॉकेल आणूक."

(हंडा भरून वाहू लागला. तिने तो सरकवला नाही.)

"चूल थंड होती. मीच टोचून टोचून धाडलंय. कसले बापये तुमी, म्हटलंय, गोळीक भियतात. जाताना ह्यांनी बुधाजीदादांका हाक मारली, सोबतीक चला. ते नको म्हणत होते. मागसून गेले. रांगेत दोघांका गोळी लागली. ह्यांका वाटता, आपण त्यांका मरणाक घेऊन गेलो."

"मग सांगू द्या की. मन हलकं हुईल."

"ह्यांचा हलका होयत. शेवंतीचा? तिचो नवरो हुतात्मो आसा, मेस्त्रीनू. त्याका रॉकेलच्या रांगेतलो करूचो? तिचा काम, पोराची शाळा, सगळा त्या फोटोवर चललाहा."

"वर बोलवून सांगा म्हनावं, गुपचूप."

"माफी मागूची तर आपण जावचा असता. बोलवून घेतत काय कोणी? तुमच्याकडे घेतत?"

"न्हाई," कुशाबा म्हणाला. "आमच्याकडं बी न्हाई."

*

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुशाबाने गुडघ्यातल्या खिट्टीचा दात कानशीने घासला.

*

खिट्टी म्हणजे काय, तर उभं राहिलं की लाकडी गुडघा ताठ धरून ठेवते ती लोखंडी पट्टी. बसताना ती बोटाने उचलायची, गुडघा वाकतो. दात खोल असला तर सगळ्या अंगाचा भार पेलते. उथळ असला तर सपाट जमिनीवर धरते आणि पायरीवर भार आला की सुटते.

कुशाबाने स्वतःची समजूत घातली ती अशी: एका बाईचा नवरा हुतात्मा राहतो, दुसऱ्या बाईचा नवरा घरात राहतो. यात वाईट काय? एक पायरी उतरेल, गुडघा लचकेल, घाबरून मागे फिरेल. माणसं घाबरतात.

पण गुणाजी घाबरणाऱ्यातला नव्हता. घाबरट असता तर त्या दिवशी रॉकेल आणायला गेलाच नसता, हे कुशाबाच्या लक्षात यायला हवं होतं.

पाय आला. चाळ लोटली. गुणाजी गॅलरीत या टोकाहून त्या टोकाला गेला, कठड्याला हात न लावता. बायकांनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मग तो तसाच जिन्याशी वळला, पहिल्या पायरीवर लाकडी पाय टाकला, आणि कोसळला. खांद्यावर आपटला. आम्ही उचलला.

"लागला काय रे?"

"मांडीत जोर नाय ऱ्हवलो," गुणाजी म्हणाला. "बसान बसान मांडी मऊ झाली. पाय चांगलो आसा. मेस्त्रीन फसक्लास पाय केल्यान."

कुशाबा तिथेच उभा होता. तो हातातली वादी गुंडाळत राहिला, मग उलगडून पुन्हा गुंडाळत राहिला.

*

तो उन्हाळा आम्हाला आठवतो तो ठोक ठोक या आवाजाने. मिलचा कापूस हवेत तरंगायचा, घामाने अंगाला चिकटायचा, पत्रे तापून कडकड वाजायचे, आणि गुणाजी आपला गॅलरीत ठोक ठोक करत मांडी कमवायचा. कठड्याला धरून बैठका काढायचा. रोज एकदा जिन्याशी जायचा. रोज पडायचा.

"गुणाजी, मेल्या, हाडा मोडशीत."

"मोडूक ऱ्हवलीहत खंय?"

कुशाबा येत राहिला. गरज नसताना. एका रविवारी त्याने पट्टा सोडला तर उरलेल्या मांडीच्या टोकाला कातडी सोलवटलेली, गुंडाळलेल्या फडक्याला रक्त चिकटलेलं. तो खोबरेल लावायला लागला.

"मेस्त्रीनू, खरा सांगा," गुणाजी म्हणाला. "दुसरे लोक उतरतत?"

"उतरत्यात काही जन."

"माझ्यावांगडाच असा कित्याक मगे? माझ्या मनातच खोट आसा म्हणान?"

"मनाचा नि गुडघ्याचा काय संबंध?"

"आसा. देव बघता. म्हणता, हो खाली जाऊक लायक नाय."

कुशाबाच्या बोटाला रक्ताचा ओला डाग लागला होता. त्याने मालनकडे पाहिलं. मालन भिंतीकडे तोंड करून तांदूळ धूत होती. पाणी केव्हाचं स्वच्छ झालं होतं, तरी धूत होती.

तो जायला निघाला तेव्हा ती दाराशी आली. "मेस्त्रीनू," एवढंच म्हणाली. पाय नीट करा म्हणाली की नका करू, ते त्याला कळलं नाही. आम्हाला वाटतं, तिलाही नाही.

*

पुढच्या रविवारी कुशाबा पिशवी घेऊन जिना चढत होता आणि वरून गुणाजी उतरत होता.

बसून. लाकडी पाय काढून, लहान पोर धरावं तसा मांडीवर आडवा धरून, एकेक पायरी ढुंगणावर घसरत. धोतर मळलेलं, कोपर सोललेलं. दोन जिने त्याने तसेच काढले होते. आम्ही मागे, कुणी पुढे. कुणालाही हात लावू देत नव्हता.

"मेस्त्रीनू, बाजूक व्हा," तो हसून म्हणाला. "खाली पोचलंय की पाय लावतंय आणि वयनीच्या दारात उभो ऱ्हवतंय. मांडी ऐकणा नाय तर नाय ऐकणा."

कुशाबा बाजूला झाला नाही. खालच्या पायरीवर बसला. दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"मांडी ऐकती तुमची," तो म्हणाला. "मांडी पैल्या दिवसापास्नं चांगली हाय. खिट्टीचा दात मी घासलाय. तुमी पडावं म्हनून."

कुणाला काही समजलं नाही. गुणाजीला समजलं. त्याने मांडीवरचा पाय दोन्ही हातांनी उचलला, आणि आम्हाला वाटलं, आता हा तो मिस्त्रीच्या डोक्यात घालतो. कुशाबाने डोकं मागे घेतलं नाही.

"कोणी सांगल्यान?"

"कुनी न्हाई. कानस माझी हुती."

"मी सांगलंय." वरच्या वळणावर मालन उभी होती. "मी सांगलंय त्यांका."

गुणाजीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एवढा उन्हाळाभर तो पडत होता आणि ती त्याला उचलायला धावत होती, ते सगळं त्या पाहण्यात होतं. मग त्याने पाय खाली घेतला, कुशाबापुढे केला.

"नीट करा."

"हितं? दात काय हितं नवा हुत न्हाई. कारखान्यात न्यावा लागंल."

"नीट करा, मेस्त्रीनू."

कुशाबाने पिशवी उघडली. त्याने गुडघ्याच्या सांध्यातून आरपार जाड खिळा ठोकला आणि टोक वळवून घेतलं. प्रत्येक घावाला जिना घुमत होता. "आता ह्यो वाकनार न्हाई," तो म्हणाला. "उतरंल. पर बसता येनार न्हाई, खिळा काढंस्तवर. ध्यानात ठेवा."

गुणाजीने पट्टा आवळला, कठडा धरला आणि उठला. लाकडी पाय आधी, मग आपला. लाकडी पाय आधी, मग आपला.

मालन वळणावरून हलली नाही.

*

शेवंती दारातच सुपात तांदूळ निवडत बसली होती. जिन्यातला ठोकाठोकीचा आवाज तिने ऐकला असणार. वर पाहिलं नाही.

गुणाजी उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आमच्यापैकी कुणीतरी निर्लज्जपणे पुढे सरकलं, मग सगळेच सरकले.

"वयनी, आमी त्या दिवशी सत्याग्रहाक नव्हतो. रॉकेल आणूक गेल्लो. दादा नको म्हणत होतो. मी हाक मारलंय म्हणान तो इलो. त्याका मी घेऊन गेलंय."

आमच्यात कुणीतरी श्वास ओढला. गावकीच्या खोलीतल्या फोटोचं आता काय करायचं, हे त्याच क्षणी एकदोघांच्या मनात आलं, खोटं कशाला बोला.

शेवंतीने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"तुमच्या हाकेन ते उठले नाय, भावजी," ती म्हणाली. "तुमी हाक मारून रस्त्याक लागलात. ते हयच बसान बिडी ओढत होते. मी त्यांच्या हातात डबो दिलंय. म्हटलंय, गुणाजीभावजी एकटे जातत, बरा दिसता काय? आणि येताना आमका पण रॉकेल हाडा."

गुणाजीने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"तुमी वर झुरतात, ता माका म्हायत होता. लोक सांगत. वर येवन एक शबुद बोलाचो, तर तुमी सुटलात असतात. पण मगे माका पण बोलूक लागला असता, मीच धाडलंय म्हणान. आणि तो फोटो... पोराची शाळा..." तिने सूप हलवलं, उगाच. "तुमका एक पाय नाय म्हणान तुमी येवक नाय. माका दोन आसत. तरी माझ्यान जिनो चढवलो नाय."

जिन्याच्या तळाशी कुशाबा हातोडी हातात धरून उभा होता, ती पिशवीत टाकायची त्याला आठवण नव्हती.

"आत येवा. बसा, भावजी," शेवंती म्हणाली.

"बसाक येणा नाय, वयनी. मेस्त्रीन खिळो मारल्यान."

शेवंतीने पहिल्यांदा वर पाहिलं. आधी पायाकडे, मग तोंडाकडे. तिने सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि उंबऱ्याच्या आत त्याच्यासमोर उभी राहिली.

"मगे मी पण उभी ऱ्हवतंय," ती म्हणाली. "सांगा आता. शेवटाक काय बोलले ते?"