रुग्णवाहिकेपुरती वाट

“सही करायला माझी ना नाही,” फिक्रीवकील जिन्यातच थांबून म्हणाले, “पण माझी गाडी कुठे जाईल, ते आधी सांग.”

“मोठ्या रस्त्यापलीकडे लावा, साहेब. चार मिनिटं चालायचं.”

“ह्या उन्हात, फायली घेऊन?” ते हसले. “बयूमी, बावीस वर्षं तूच आम्हाला दारात गाडी लावायची सवय लावलीस. आणि आता तूच पायपीट करायला सांगतोस?”

बयूमीने कागदाची घडी घातली. वकिलांचं खोटं नव्हतं. शुब्रा वस्तीतल्या ह्या गल्लीत गाड्या लावून द्यायचं काम त्याचंच. गल्ली वीस गाड्यांची, तो चाळीस बसवायचा. भिंतीला लागून एक रांग, तिला चिकटून दुसरी; पलीकडे एक लहान गाडी जेमतेम जाईल एवढीच वाट उरे. दुसऱ्या रांगेतल्याने गाडी न्यूट्रलवर ठेवायची आणि हँडब्रेक सोडून जायचं. आतली गाडी काढायची झाली की बयूमी बाहेरचीला खांदा लावून पुढे सरकवायचा. मालक गेला की तो प्रत्येक गाडी एकदा रेटून बघत असे.

मे महिन्यातल्या त्या दुपारी त्याने बघितलं नाही. मुलुखियाचं कालवण निवतंय म्हणून त्याच्या बायकोने, अतियातने वरून हाक मारली आणि तो हात धुवायला गेला. तासाभरात तिचा दमा उसळला. रुग्णवाहिका आली ती गल्लीच्या तोंडाशीच अडली. तिथे एक करडी गाडी उभी होती, कोणा पाहुण्याची. हँडब्रेक ओढलेला. सहा जणांनी मागून उचलली तेव्हा वीतभर सरकली. शेवटी अतियातला चादरीत घालून गाड्यांच्या फटीतून न्यावं लागलं. इस्त्रीच्या दुकानापर्यंत ती बयूमीचा हात धरून होती. पुढे नव्हती.

त्याला कोणी बोल लावला नाही. सगळे म्हणाले, अल्लाची मर्जी. तेच त्याला सहन होत नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी गल्लीत मंडप घातला. मयताच्या मंडपासाठी गल्ली मोकळी करायला कोणी कुरकुरत नाही. सकाळीच सगळ्या गाड्या गेल्या. तळमजल्यावरच्या उम्म हानीने अकरा वर्षांनी खिडकी उघडली. एरवी तिच्या खिडकीला कुणाच्या तरी गाडीची शेपटी लागलेली असायची. कुराण वाचणाऱ्या शेखचा आवाज भोंग्याशिवाय पाचव्या मजल्यावर पोचला. म्हातारी माणसं खाली येऊन बसली, ती लवकर घरी जाईनात. पोरं इकडून तिकडे धावली आणि कोणाच्या आईने त्यांना मागे ओढलं नाही.

“अतियातला असली हवा मिळायला हवी होती,” उम्म हानी म्हणाली. “त्या धुरानेच पोखरली तिला.”

“असंच राहायला पाहिजे,” कॉफीचा कप हातात घेऊन फिक्रीवकील म्हणाले होते. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. बयूमीने ते खरं धरलं.

पालिकेच्या कचेरीतला कारकून म्हणाला, दोनतृतीयांश घरांच्या सह्या आण. बयूमीने अर्ज लिहून घेतला. सगळ्या गाड्या नकोत असं त्याचं म्हणणं नव्हतंच. फक्त दुसरी रांग नको, एक बाजू उघडी राहू दे. एकतीस घरं फिरून झाली. पाच सह्या आणि उम्म हानीचा अंगठा, एवढंच जमलं.

इस्त्रीवाला साब्री तर सरळच बोलला. “गाड्या गेल्या की माझं गिऱ्हाईक गेलं. आणि तू काय खाणार रे? लोक चालायला लागले तर त्यांना मागून ढकलणार आहेस?”

“तिला आपण दोघांनी उचललं होतं, साब्री.”

साब्रीने इस्त्री खाली ठेवली, पुन्हा उचलली. “उचललं होतं. म्हणून तर म्हणतो, विसर आता.”

त्या दुपारी, दुसरी रांग लागायच्या आधीच, बयूमीने वेताची खुर्ची आणली आणि गल्लीच्या तोंडाशी, दुसरी रांग सुरू होते त्या जागी टाकून बसला. तीन गाड्या त्याने माघारी पाठवल्या. एकाने त्याच्या बापाचा उद्धार केला. त्याने ऐकून घेतलं. मागे अख्खी बाजू मोकळी होती.

मग नऊ नंबरमधल्या म्हाताऱ्या हाज्जा इन्साफची मुलगी दालिया गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर हाज्जा डोळे मिटून पडली होती. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त धुवायला इस्पितळात न्यावं लागे.

“काका, आईला आज पाऊलही टाकवत नाही. दारापर्यंत जाऊ द्या ना.”

बयूमीने हाज्जाच्या पिवळ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग उठला आणि खुर्ची बाजूला घेतली.

दालियाच्या मागोमाग तोही गेला. हाज्जाच्या काखेत हात घालून दोघांनी तिला चार मजले वर नेलं. प्रत्येक मजल्यावर तिला टेकवावं लागलं. पलंगावर निजल्यावर ती म्हणाली, “अल्ला तुझं भलं करो, बाळा. तू होतास म्हणून.”

“गाडी काढतेस ना, बेटा?” त्याने दारातून विचारलं.

“काढते, काका. आधी हिला औषध देते.”

तो खाली आला. दालियाची गाडी दारात होती. तिच्या मागे एक पांढरी, तिच्या मागे साब्रीच्या गिऱ्हाइकाची, मग फिक्रीवकिलांची, अशी तोंडापर्यंत रांग लागली होती. मालक आपापल्या कामाला गेले होते.

बयूमीने खुर्ची उचलली. ठेवायला जागा शोधत तो गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मागून हॉर्न वाजला तसा खुर्ची डोक्यावर धरून तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि गाडी जाऊ दिली.