निम्म्याहून एक जास्त

वैद्यकीय कॉलेजच्या लायब्ररीत उत्तरेच्या भिंतीला लागून दोन लोखंडी कपाटं होती आणि त्यांत वैद्यकीय लेखांच्या सूचीचे एकेचाळीस खंड होते. पैकी अडतीस धड होते. दोन खंडांची पानं एकमेकांना चिकटलेली होती आणि एकाचा मधला भाग वाळवीने खाल्ला होता. कोणते भाग वाचता येणार नाहीत ते मी आधी लिहून ठेवलं आणि मग कामाला लागले.

काम असं होतं: सख्ख्या मामाशी लग्न झालेल्या बाईच्या मुलांत जन्मजात दोष जास्त सापडतात का, यावर जगात जे काही छापून आलं आहे ते शोधायचं. बाई म्हणजे मी, वसुमती, वय एकवीस, प्राणिशास्त्राची बी.एस्सी. मामा म्हणजे जयतीर्थमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, पापनाशमच्या एका बँकेत नोकरीला.

पुण्याकडे हे ऐकून लोकांना कसंसंच होतं, हे मला ठाऊक आहे. आमची घराणी तंजावरला येऊन पिढ्या लोटल्या. घरात मराठी टिकली, लग्नाच्या चाली मात्र इथल्या झाल्या. भाचीवर पहिला हक्क मामाचा. त्याने तो सोडला तरच बाहेरचं स्थळ बघायचं. जयतीर्थमामा सोडत नव्हता.

चौसष्ट साली निकाल लागला त्याच आठवड्यात जेवताना मी म्हटलं, "अप्पा, मला मामाशी लग्न करायचं नाही."

अप्पा, म्हणजे बाळकृष्णराव, हायस्कुलात गणित शिकवत. त्यांनी भातात साराचं आळं केलं आणि विचारलं, "कारण?"

"नको वाटतं."

"पानातलं कारल्याचं कूटही तुला नको वाटतं. ते काही कारण नव्हे."

"तिची वेणी घालून शाळेत पोचवत होता तो," अम्मा म्हणाली. "याहून ओळखीचा माणूस कुठून आणू?"

माझं कारण नेमकं तेच होतं. पण अप्पांसमोर मांडता येईल अशा जातीचं ते नव्हतं. म्हणून मी दुसरं मांडलं. म्हटलं, जवळच्या रक्तात लग्न केलं की मुलं बहिरी, आंधळी, मंद निघतात, असं शास्त्र सांगतं.

"कुठलं शास्त्र? कुणी मोजलं?"

"मी दाखवीन."

"सरी," अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडी 'सरी', म्हणजे तमिळमधलं 'ठीक आहे', आलं की विषय वर्गात गेला असं समजायचं. "दाखव. पण तुला हवं तेवढंच वेचून आणू नकोस. काय धरायचं, काय सोडायचं, ते आधी लिही. शोधल्यावर नियम केले तर ते नियम नव्हेत."

मी नियम लिहिले. ते माझेच होते, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. पहिला: सूचीत कोणकोणत्या मथळ्यांखाली बघायचं ते आधी ठरवायचं आणि प्रत्येक खंडात तेवढे सगळे बघायचे. दुसरा: 'बहिरेपणा', 'अंधत्व' अशा रोगांच्या नावाखाली सापडलेला लेख एकटा धरायचा नाही, कारण बहिऱ्यांच्या यादीत बहिरेच सापडणार, धडधाकट मुलांना तिथे कोणी मोजत नाही.

"आणि गरिबीचं काय?" अप्पांनी विचारलं. "डोंगरातल्या एखाद्या खेड्यात सगळे एकमेकांचे नातलग, आणि सगळेच उपाशी. मूल मेलं ते नात्याने की भुकेने?"

प्रश्न चांगला होता. मला उत्तर लगेच सुचलं आणि सुचल्याचा आनंदही झाला. तिसरा नियम लिहिला: ज्या लेखात त्याच गावच्या, त्याच जातीच्या, नात्याबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांच्या मुलांशी तुलना केली आहे, तोच धरायचा.

"आणि निकाल?"

"धरलेल्यांपैकी निम्म्याहून एक जरी जास्त लेख दोष दाखवत असला, तर लग्न नाही."

"नाहीतर लग्न," अप्पा म्हणाले. आम्ही दोघांनी सह्या केल्या. अम्माला त्यांनी बजावलं, तोवर मुहूर्त काढायचा नाही. तो शब्द त्यांनी पाळला.

मामा रविवारी आला तेव्हा त्याने कागद वाचला आणि हसला. पुढच्या रविवारी तो कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आला, कारण जे अंक लायब्ररीत नव्हते त्यांच्या लेखकांना पत्र घालून छापील प्रत मागवावी लागे. "घे, वसू," तो म्हणाला. "माझ्याविरुद्ध लिही. अक्षर नीट काढ, नाहीतर ते जपानी लोक मला जनावर समजतील."

सूचीत शोधणं सोपं वाटतं, पण तसं नसतं. 'लग्न' या मथळ्याखाली वधूवरांच्या रक्ततपासणीपासून घटस्फोटापर्यंत सगळं कोंबलेलं. 'रक्ताचं नातं' म्हणावं असा स्वतंत्र मथळा नंतरच्या खंडांत आला. आधीच्या खंडांत तोच विषय कधी 'आनुवंशिकता'त, कधी 'लोकसंख्ये'त. एका वर्षी मथळा बदलला म्हणून मी मागचे नऊ खंड पुन्हा पहिल्यापासून काढले. प्रत्येक नोंदीचं एक कार्ड. कार्डावर मथळा, वर्ष, देश.

अठ्ठावन्न कार्डं झाली. फ्रान्समधली, जपानमधली, स्वीडनमधली. पहिल्या वाचनात त्रेचाळीस माझ्या बाजूची होती. त्या दिवसांत मी घरी गुणगुणत असे, असं अम्मा नंतर म्हणाली.

मग तिसरा नियम लावला. एका लेखात डोंगरी खेड्यातल्या मुलांची तुलना शहरातल्या इस्पितळातल्या मुलांशी होती. बाद. एकात तुलनाच नव्हती. बाद. बहिऱ्यांच्या शाळेतले पाच लेख दुसऱ्या नियमाने गेले. अप्पा समोर बसून प्रत्येक कार्डावर फक्त "का?" एवढंच विचारत. मी कारण सांगे आणि कार्ड बाजूला ठेवे. सात उरली. चार दोष दाखवणारी, तीन न दाखवणारी.

"एक जास्त आहे," मी म्हटलं.

"एक पत्र यायचंय," अप्पा म्हणाले.

ते मंगळवारी आलं. अप्पा शाळेत होते, अम्मा देवळात. पाकीट मी ओसरीवर उभ्यानेच फोडलं. आमच्याच इलाख्यातलं, कावेरीकाठच्या गावांतलं सर्वेक्षण होतं. मामा-भाचीची जोडपी वेगळी काढलेली, बाहेरची लग्नं त्याच अग्रहारांतली, म्हणजे ब्राह्मणवस्त्यांतली, मुलं हजारांवर. मी त्यात चूक शोधली. तुलनेत शोधली, तक्त्यांत शोधली, टक्केवारी पुन्हा मांडून पाहिली. माझ्या चारही लेखांपेक्षा ते काम चांगलं होतं. दोन गटांत दखल घ्यावी असा फरक नव्हता. लेखकाने लिहिलं होतं की ज्या जातींत अशी लग्नं शेकडो वर्षं होत आली, तिथले घातक दोष कदाचित आधीच मरून संपले असावेत.

चूल पेटलेली होती. समोरून कालवा वाहत होता. पत्र आलं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

मी आठवं कार्ड लिहिलं.

संध्याकाळी अप्पांनी ते दोनदा वाचलं. "चार आणि चार," ते म्हणाले. "निम्मे. निम्म्याहून जास्त नाहीत." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. माझ्याविषयी अभिमान मात्र होता. "काम उत्तम केलंस. एम.एस्सी.च्या मुलांना जमणार नाही."

"अप्पा, मला नकोय तो."

"हे त्या कागदावर नव्हतं."

"तेव्हा तुम्ही लिहू दिलं असतंत?"

"नाही," अप्पा म्हणाले. ते खोटं कधी बोलत नसत.

मामा रविवारी आला. अम्माने त्याला कॉफी दिली आणि निकाल सांगितला. "चार-चार?" तो म्हणाला. "क्रिकेटमध्ये याला अनिर्णित म्हणतात, अक्का. आमच्याकडे वऱ्हाड म्हणतात." अम्मा पदराने तोंड दाबून हसली. अप्पाही हसले.

संक्रांतीनंतर, तै महिन्यात लग्न झालं. मांडवातच अम्माने कानाशी सांगितलं, "आता त्याला अरेतुरे करायचं नाही. तुम्ही म्हणायचं." आतेबहीण चंद्रमती शेजारीच होती, ती म्हणाली, "म्हणेल की. ती नियमाची पक्की आहे."

पापनाशमला गेल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी तो जेवायला बसला होता. मी वाढत होते. "ते शेवटचं पाकीट," तो म्हणाला, "तू एकटी असताना आलं होतं ना?"

"हो."

"मग चुलीत का नाही घातलंस?"

मी त्याला भात वाढला.

"मी असतो तर घातलं असतं," तो म्हणाला आणि ताक मागितलं.

सासष्टच्या पुरट्टासी महिन्यात, भाद्रपदाच्या सुमारास, मुलगी झाली. नातलग बघायला आले, गोरी आहे म्हणाले. बाकीचं मी पाहिलं. जन्माचं वजन सहा पौंड दोन औंस. डोक्याचा घेर चौतीस सेंटिमीटर. टाळू अखंड, बोटं वीस. सहाव्या आठवड्यात नजर दिव्यामागे फिरली. सहाव्या महिन्यात तिला अम्माच्या मांडीवर बसवून, तिला दिसणार नाही अशी मागे उभी राहून, मी हातभर अंतरावरून पितळी वाटीवर चमचा वाजवला. डावीकडे दहा वेळा, उजवीकडे दहा वेळा, मध्ये थांबून. डावीकडे ती दहापैकी दहा वेळा वळली. उजवीकडे दहापैकी दहा.