तीस सेकंदांचा इलाज

माझा स्वभाव तिखट आहे, हे कुणी मला सांगायची गरज नाही. नाशिकला द्वारका चौकाजवळ एका गाळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि प्रोग्राम लिहून देण्याचं दुकान होतं, आणि बाई बघून जो तो मला शिकवायला यायचा. तिथं गोड बोलून निभाव लागत नाही. रक्तपेढीच्या काउंटरवरची ज्योत्स्ना मात्र माझ्या तोंडाला कधीच भ्याली नाही. "मोहिनीताई, तुमचं मशीन परत झोपलंय," एवढं बोलायची आणि फोन ठेवून द्यायची.

त्या पेढीचा प्रोग्राम मीच लिहिला होता, नव्याण्णव साली. रक्तदात्याचं नाव टाकायचं, की त्याच्या आजवरच्या तपासण्या पडद्यावर. पूर्वी कधी त्याच्या रक्तात दोष निघाला असेल, तर नावापुढे लाल अक्षरांत 'घेऊ नये'. निम्मं रक्त शिबिरांतून यायचं. सटाण्याला शाळेच्या वर्गात, ओझरला देवळाच्या ओट्यावर, तिथे कुठला आलाय कॉम्प्युटर? म्हणून नियम असा, की पिशवी पेशंटला देण्याआधी काउंटरवर दात्याचं नाव टाकून बघायचंच. किटवर प्रत्येक पिशवीची तपासणी व्हायची, पण किट कधीतरी चुकतं. जुनी नोंद विसरत नाही.

अडचण नावांची होती. काउंटरवर आधी नाव, मग आडनाव. शिबिराच्या फॉर्मवर आधी आडनाव. कुणी वडिलांचं नाव गाळायचं, कुणी पुढे 'भाऊ' चिकटवायचं. म्हणून मी शोध असा लिहिला, की टाकलेले शब्द नावात कुठेही सापडले तरी चालतील. तेव्हा मला फार हुशारी वाटली होती. पण असा शोध म्हणजे कॉम्प्युटरला नावं अ-आ-इ लावून शोधता येत नाहीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं लागतं. वर, जे जे नाव जुळेल त्याच्या एकेका तपासणीसाठी सगळं बाड पुन्हा पहिल्यापासून. चार हजार दाते होते तोवर काही जाणवलं नाही. दोन हजार चार उजाडलं तेव्हा दाते साठ हजार झाले होते आणि तपासण्या तीन लाखांच्या वर.

त्या जानेवारीत ज्योत्स्ना रडकुंडीला आली. एखादं नाव तीन-तीन मिनिटं घेतंय, समोर नातेवाईक काच आपटतायत, आणि मध्येच काही दाबलं तर सगळं मशीन गोठतंय. मला नेमकं त्याच दिवशी भावाच्या साखरपुड्याला जायचं होतं. अंगावर नवी साडी, बाहेर रिक्षा उभी. मी दहा मिनिटांत एक ओळ घातली: तीस सेकंदांत शोध संपला नाही तर थांबायचं आणि पडदा मोकळा करायचा. मशीन गोठायचं थांबलं. "सावकाश नीट करते गं," म्हटलं आणि सुटले. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! सावकाश म्हणजे कधी, हे ना तिनं विचारलं ना मी सांगितलं.

एप्रिलच्या एका सकाळी पुन्हा फोन आला. अकराच्या सुमारास मी पोचले तेव्हा बाकावर एक माणूस मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन बसला होता. फकिरा त्याचं नाव, पेठ तालुक्यातल्या डोंगरातला. बायको भागुबाई आदल्या दिवशी बाळंत झाली होती, आणि तिचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. तिकडच्या सरकारी दवाखान्यात रक्त नाही, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी, तिच्या रक्ताची नळी आणि डबा देऊन यालाच पाठवलं होतं. आमच्याकडे असंच चालायचं. नातेवाईकानं पिशवी बर्फात घालून न्यायची.

"ताई, लवकर व्हईल का?" त्यानं मला विचारलं. मी तिथली मोठी साहेबीण आहे असं त्याला वाटलं असावं.

भागुबाईचा गट ए निगेटिव्ह. फ्रीजमध्ये एकच पिशवी होती, आठवड्यापूर्वीच्या सटाण्याच्या शिबिरातली. किटवर स्वच्छ, भागुबाईच्या रक्ताशी जुळली. ज्योत्स्नानं दात्याचं नाव टाकलं, भिकन रावजी अहिरे. मशीन घरघरायला लागलं. फकिरा उठून काचेपाशी आला. दहा सेकंद, वीस सेकंद.

"अगं दे ना त्याला!" मी खेकसले. "तिकडे बाई रक्तात पडलीय, आणि तू त्याला जत्रेत बसवल्यासारखं काय बसवलंयस?"

"झालंच ताई." तेवढ्यात पडदा मोकळा झाला. नाव नाही, तपासणी नाही, काही नाही. "कोरी पाटी," ज्योत्स्ना म्हणाली आणि तिनं पिशवी काढून डब्यात ठेवली.

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. कानात गेला, डोक्यात शिरला नाही. फकिरानं मला हात जोडले. "तुमच्यामुळं झालं, ताई," म्हणाला आणि साडेबाराची गाडी धरायला पळाला.

मग मी पदर खोचून मशीनला भिडले. त्या दिवशी मी फार छान काम केलं, खोटं कशाला बोलू? नावाचे तिन्ही शब्द वेगळे केले, प्रत्येकाला सूची लावली, तपासण्यांना दात्याच्या नंबराची सूची लावली. जाडजूड पुस्तकाला मागे शब्दसूची लावावी, तसं. दोन वाजून गेले, जेवणाचा डबा उघडला नव्हता, पण मी खुशीत होते. ज्योत्स्नाला हाक मारली. "ये इकडे, बघ गंमत! मघाचं नाव टाक, ज्याला अर्धं मिनिट लागलं होतं ते."

तिनं भिकन रावजी अहिरे टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडदा भरला. सहा ओळी. दोन हजार दोन सालच्या. कावीळ सी: दोष. पुन्हा तपासणी: दोष. पुन्हा: दोष. आणि वर लाल अक्षरांत, 'घेऊ नये'.

"हे मघाशी नव्हतं," ज्योत्स्ना म्हणाली.

"मघाशी काय होतं?"

"कोरी पाटी. म्हणजे दात्यावर काही डाग नाही. आम्ही तसंच समजतो ना ताई, जानेवारीपासून. सापडलं तर दिसतं, नाही सापडलं तर कोरी." तिचा आवाज बारीक होत गेला. "तसंच आहे ना?"

कोरा पडदा म्हणजे 'काही सापडलं नाही' असं नव्हतंच. कोरा पडदा म्हणजे 'शोधून झालं नाही'. आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण रिक्षा उभी होती. त्याहून वाईट ते पुढेच कळलं. ज्याच्या नावावर जास्त तपासण्या, त्याचाच शोध तिसाच्या पुढे जायचा. आणि जास्त तपासण्या कुणाच्या? ज्याच्या रक्तात काहीतरी निघालं म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं, त्याच्या. बहुतेक निर्दोष माणसांची पानं दिसत होती. ज्याला अडवायचं, त्याच्यापुढेच माझा पडदा कोरा होत होता.

पेढीच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. अडीच वाजले होते. दवाखान्याचा फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. ज्योत्स्ना देवाचं नाव घेत होती, आणि मी मनात म्हणत होते, गाडी बंद पडू दे. घाटात टायर फुटू दे. त्या माणसाला उशीर होऊ दे. असलं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

चौथ्या वेळी नर्सनं उचलला. डॉक्टरांनी फोनचा स्पीकर लावला होता.

"हो, मिळाली पिशवी. जीप गावली त्याला, लवकर आला. लावली की. निम्मी गेली."

"पेशंट कशी आहे?"

"आत्ता कुठं नाडी लागायलीय, साहेब. पांढरीफटक पडली होती. काय झालं? काढू का?"

डॉक्टरांनी ज्योत्स्नाकडे बघितलं. तिनं मान हलवली, दुसरी पिशवी नव्हती. शहरातल्या दुसऱ्या पेढीला विचारून पिशवी मिळाली असती तरी तिकडे पोचायला संध्याकाळ. डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"काढू नका," ते म्हणाले. "चालू ठेवा."

फोन ठेवायच्या आधी मागून फकिराचा आवाज आला, "कोण हाय? त्या ताई हायेत का?"

जानेवारीपासून तीस सेकंदांवर अडकलेल्या कोऱ्या पाट्यांची यादी मी त्याच दुपारी काढली. आता मशीनला दोन सेकंद लागले. एक्केचाळीस नावं आली. चाळीस नेहमी रक्त देणारे, म्हणून तपासण्या जास्त; 'घेऊ नये' एकच, भिकन अहिरे. "नशीब, एकच," डॉक्टर म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. ही कावीळ लिव्हर आतून पोखरते आणि वर्षानुवर्षं पत्ता लागू देत नाही. लागण होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. तिच्यावर लस नाही. तीन महिन्यांनी भागुबाईची तपासणी करायची, तोवर तिला घाबरवायचं नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं. मी मान डोलावली. मला ते सोयीचंच होतं.

तीन आठवड्यांनी मी पेढीत असताना फकिरा आला. खांद्यावर पिशवी, घरच्या तांदळाची. थेट माझ्यासमोर ठेवली.

"बाई वाचली, ताई. पोर बी बरं हाय. डॉक्टर म्हनले, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. तुम्ही त्या ताईला दामटली म्हनून लवकर झालं. मी घरी सांगितलं, नाशकात एक बाई हाय, तिच्यामुळं."

ज्योत्स्ना उठून आत निघून गेली. मी तांदळाच्या पिशवीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी लिहून ठेवलेला कागद माझ्याच टेबलावर होता. त्यावर जुलैमधली तारीख होती. तो मी पुढे केला. "या दिवशी भागुबाईंना घेऊन या. रक्त तपासायचंय."

त्यानं कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग थांबला. "कशाला, ताई? काई हाय का?"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. फकिरा माझ्या तोंडाकडे बघत होता, त्या दिवशी काचेपलीकडून बघत होता तसाच. मी काहीच बोलले नाही, तसा त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"म्हंजे काई नाय," तो हसून म्हणाला. "बरं झालं. येतो मग."

तो दारापर्यंत गेला.

"फकिरादादा, थांबा," मी म्हटलं. "बसा इथं. आहे. काहीतरी आहे."