मागं घेतलेलं आमेन

गीताबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की पूर्णेच्या मंडळीतल्या बायांचे पदर आपोआप डोळ्यांना लागत. आवाज भरदार, शब्द अडखळल्याशिवाय येणारे, आणि कुणाच्या घरात काय दुखणं आहे याची सगळी खबर. आजाऱ्याच्या उशाशी, नव्या घराच्या पायाभरणीला, नोकरीला निघालेल्या पोराच्या निरोपाला गीताबाईच हव्यात, असा रेल्वे कॉलनीपल्याडच्या त्या छोट्या चर्चमध्ये रिवाजच पडला होता. धुरपताबाईंना तर त्यांचा मोठा आधार. नवरा वारला तेव्हा गीताबाई रोज येऊन जवळ बसायच्या. त्या दिवसांत त्यांचे शब्द कानावर पडले म्हणून आपण उठून चूल पेटवली, असं धुरपताबाई अजून सांगत.

म्हणूनच सून दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हा गुरुवारचं महिला मंडळ त्यांनी स्वतः होऊन आपल्या घरी बोलावलं.

सुनेचं नाव संघप्रिया. पोखर्णीकडच्या एका बौद्ध घरातली लेक, पूर्णेतल्या शाळेत शिकवणारी. धुरपताबाईंच्या इम्मानुएलनं तिला स्वतःच्या पसंतीनं केली होती. लग्नाआधी तिनं बाप्तिस्मा घेतला, सगळी गीतं शिकली, रविवार कधी चुकवला नाही. फक्त बापानं दिलेली बुद्धाची वीतभर मूर्ती तिनं आपल्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली होती. फळी पुसताना धुरपताबाई तीही पुसत. बापाची आठवण आहे, असू दे, यापलीकडे त्यांच्या मनात कधी काही आलं नाही.

दिवस भरत आले असताना एका सकाळी संघप्रियाचं पोट दगडासारखं घट्ट झालं. परभणीला नेईपर्यंत लेकरू गेलं होतं. गर्भाशयातली वार आधीच सुटली होती, असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, कुणाची चूक नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मुलगी होती. इम्मानुएल आणि पाळकसाहेब तिला कबरस्तानात घेऊन गेले. गीत झालं नाही, घंटा वाजली नाही. संघप्रिया तेव्हा अजून दवाखान्यातच होती आणि धुरपताबाई तिच्यापाशी.

गुरुवारी बाया आल्या. सतरंजी भरून गेली. संघप्रिया भिंतीला टेकून बसली होती, अंगावर दुलई, दूध दाटून आल्यानं अंगात ताप. गीताबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, तुझ्याशिवाय पानबी हालत न्हाई. या घरात जे लपून राहिलंय ते तू उजेडात आण. या लेकीनं जुनं सगळं सोडलंय असं तोंडानं सांगितलं, पर जे मनातून सुटलं न्हाई अन् घरातूनबी निघालं न्हाई, ते टाकायची तिला बुद्धी दे. हे लेकरू कशापायी गेलं ते तिला उमजू दे, म्हंजी पुढचं तरी वाचंल. येशूच्या नावानं मागताव."

"आमेन," सगळ्या बाया म्हणाल्या.

मग चहा झाला. बाया एकेक करून संघप्रियाच्या गालावरून हात फिरवून निघून गेल्या. धुरपताबाई कपबशा गोळा करत होत्या, तेव्हा संघप्रिया पहिल्यांदा बोलली.

"आत्या, तुमीबी आमेन म्हणलात."

"अगं, प्रार्थना सरली की म्हणतेतच की."

"काय मागितलं ते ऐकलं होतं का तुमी?"

धुरपताबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांनी ऐकलं होतं आणि नव्हतंही. गीताबाईंचा आवाज कानावर पडला की त्यांचं मन पाण्यावर पडलेल्या पानासारखं त्या आवाजाबरोबर वाहत जायचं. आता एकेक शब्द परत आठवला, तसे त्यांचे कान गरम झाले.

"त्यांच्या मनात तसं नसंल गं," त्या म्हणाल्या.

संघप्रियानं मान हलवली आणि दुलई डोक्यावर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी फळीवरची मूर्ती दिसेनाशी झाली. संघप्रियानं ती ट्रंकेत ठेवली की माहेरी पाठवली, हे विचारायची धुरपताबाईंची हिंमत झाली नाही. सून उलटून बोलली नाही, कामात कसूर केली नाही. विचारलं तेवढं सांगायची. जेवलीस का, तर जेवले. दुखतंय का, तर न्हाई. रविवारी मात्र तिनं साडी बदलली नाही. इम्मानुएल दारात थांबला, तिच्याकडे बघितलं आणि एकटाच चर्चला गेला.

धुरपताबाईंनी आपल्या परीनं समजूत घालून पाहिली. "देव दुसरं देईल बाई," त्या एकदा म्हणाल्या, आणि म्हणताक्षणी त्यांना कळलं की हेही चुकलं.

तोवर गुरुवारची ती प्रार्थना गावभर पसरली होती. भाजीबाजारात मंडळीतलीच एक बाई धुरपताबाईंना हळूच म्हणाली, "काढली म्हणं मूर्ती. बरं केलंत." जणू लेकराच्या मरणाचा निकालच लागला होता.

त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. रेव्हरंड माणिकराव साधा माणूस, भांडणाला भिणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आई, मनावर घेऊ नका. गीताबाईंचा हेतू वाईट न्हाई. काळ जाईल तसं विसरंल सगळं."

"तिला विसरायला सांगू का मी?" धुरपताबाईंनी विचारलं.

तिथून त्या तशाच गीताबाईंच्या घरी गेल्या. गीताबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. धुरपताबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, की तुमी येऊन माझ्या सुनंला दोन शब्द बोला, तिच्या काळजाला लय लागलंय.

गीताबाईंचा हात थांबला नाही. "मी प्रार्थना केली, शिवी दिली का? देवापुढं जे आलं ते बोलले. अन् मी एकटी बोलले न्हाई, धुरपताबाई. सगळ्या आमेन म्हणल्या. तुमीबी म्हणलात. मी तुमाला म्हणा म्हणून सांगितलं नव्हतं."

परत येताना धुरपताबाईंना रस्ता दिसत नव्हता. राग आला होता, पण तो गीताबाईंवर धरून ठेवता येईना. बाई खोटं बोलली नव्हती. गीताबाईंनी मागितलं होतं आणि सासूनं त्यावर शिक्का मारला होता. संघप्रियाला परक्या बाईचं बोलणं कदाचित पचलंही असतं. पण शेजारी बसलेल्या आपल्या माणसाच्या तोंडून जे आलं, ते कसं पचावं?

पुढच्या रविवारी उपदेशाआधी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची हाय का?" आजारातून उठलेला एक म्हातारा बोलला. एका पोरीनं पास झाल्याबद्दल आभार मानले. मग बायांच्या बाजूला धुरपताबाई उभ्या राहिल्या. उभं आयुष्य त्या या चर्चमध्ये आल्या होत्या, पण गीतं गाण्यापलीकडं त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. पुढच्या बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"मला बोलायचं जमत न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी प्रार्थना झाली. तिच्यात माझ्या सुनंला दोष लावला. मी बाजूलाच बसले होते, अन् मी आमेन म्हणलं. सवयीनं म्हणलं, पर म्हणलं. आमेन म्हंजी तसंच होवो. तिच्या पापानं लेकरू गेलं, तसंच होवो, असं मी म्हणले की." त्यांना धाप लागली. "ते मी मागं घ्यायले. देवापुढं म्हणलं होतं, म्हणून देवापुढंच मागं घ्यायले. माझ्या सुनंचं काही चुकलं न्हाई. माझी नात गेली. बस."

त्या खाली बसल्या. पहिल्या रांगेतून गीताबाई उठल्या, पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि कुणाकडं न बघता मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. दोघी-तिघी बाया त्यांच्यामागं उठल्या.

सगळे पाळकसाहेबांकडं बघायला लागले. माणिकरावांनी उपदेशाचे कागद हातात घेतले, परत ठेवले. मग ते वेदीच्या पायऱ्या उतरून खाली, लोकांच्या बरोबरीनं येऊन उभे राहिले. "इम्मानुएलच्या लेकरासाठी आपल्या मंडळीनं अजून गीत म्हणलं न्हाई," ते म्हणाले. "उभे राहा."

लोक उभे राहिले. काहींनी गायलं, काही नुसतेच उभे होते. इम्मानुएल तोंडावर हात धरून रडत होता, आणि त्याला रडताना त्याच्या आईनं लेकरू गेल्यापासून पहिल्यांदाच बघितलं.

बाहेर पडल्यावर जिभा सुटल्याच. चर्चमध्ये असं कुणी बोलतं का, घरातलं घरात मिटवायचं, म्हातारपणी बुद्धी फिरली. धुरपताबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि घरची वाट धरली.

घरी त्यांनी सुनेला काही सांगितलं नाही. इम्मानुएलनं सांगितलं असावं. दुपारी त्या ओसरीत अंग टाकून पडल्या होत्या, तेव्हा संघप्रिया येऊन त्यांच्या पायथ्याशी बसली. बराच वेळ नखानं सतरंजीचा धागा उकलत राहिली.

"आत्या, तुमी तिला बघितलं नव्हतं न्हाई का?"

"न्हाई गं. गुंडाळून दिली होती त्यांनी. मी तुझ्यापाशीच होते की."

"मला सिस्टरनं दाखवली. थोडाच वेळ." तिनं धागा सोडून दिला. "केस लय होते तिला. काळेभोर. अन् कानाची पाळी ह्यांच्यासारखी, चिकटलेली."

धुरपताबाई उठून बसल्या. तोंडाशी काहीबाही आलं होतं, ते सगळं त्यांनी गिळलं. "अजून सांग," एवढंच म्हणाल्या.

संघप्रिया सांगत राहिली. बोटं कशी होती, ओठ कसे होते, अंग अजून कसं ऊन होतं. रडत सांगत होती, थांबत होती, परत सांगत होती. चूल तशीच राहिली. इम्मानुएल एकदा दारात आला, दोघींना बघितलं आणि आल्या पावली माघारी गेला.

गीताबाई त्यानंतर बरेच रविवार चर्चला आल्या नाहीत. मंडळात दोन तट पडले. गुरुवारी बाया जमत, पण प्रार्थनेला कुणी उभं राहायचं यावरून एकमेकींकडं बघत बसत. धुरपताबाईंशी काहीजणींनी बोलणं टाकलं.

मग एका दुपारी गीताबाईच दारात आल्या. एकट्या. संघप्रिया शाळेतून नुकतीच आली होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सासूच्या जवळ जाऊन बसली. गीताबाईंनी पाणी तोंडाला लावलं नाही.

"मी वाईट मनानं बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. एवढी बोलणारी बाई, पण शब्द अडकत अडकत येत होते. "मलाबी असंच सांगितलं होतं. माझं पहिलं लेकरू गेलं तवा. सासूनं सांगितलं, तवाच्या पाळकानं सांगितलं. तुझ्यात काहीतरी पाप हाय, शोध. मी शोधत राहिले. अजून शोधायले. मला वाटलं, असंच सांगायचं असतंय. त्यानंच माणूस वाचतंय."

धुरपताबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या ओळखीत गीताबाईंनी इतरांची सगळी दुखणी देवापुढं मांडली होती. त्यांच्या स्वतःच्या या दुखण्याचा एक शब्द कधी ऐकल्याचं आठवेना.

गीताबाई उठायला लागल्या, तेव्हा संघप्रिया म्हणाली, "मावशी, पोरगा होता का पोरगी?"

गीताबाई तशाच अर्धवट उठलेल्या राहिल्या. मग परत खाली बसल्या.

"पोरगा," त्या म्हणाल्या. "सातवा सरला होता. मला दावलाबी न्हाई. कुठं पुरला तेबी कुणी सांगितलं न्हाई."

"नाव काही ठरवलं होतं?"

गीताबाईंनी धुरपताबाईंकडं बघितलं, मग भिंतीकडं. "शलमोन," त्या पुटपुटल्या, आणि त्यांचा तो भरदार आवाज फुटला. हुंदका आवरता आवरेना. संघप्रिया जागची उठली नाही, तिनं त्यांना जवळ घेतलं नाही. एवढं तिला अजून जमण्यासारखं नव्हतं. पण तिनं तांब्या उचलून परत त्यांच्या हातात दिला आणि त्या पाणी पिईपर्यंत तो हात धरून ठेवला.

त्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती त्या दिवशी तिघी कबरस्तानात गेल्या. रुळांच्या पलीकडं, वेड्या बाभळींनी वेढलेली ती जागा. संघप्रियाच्या लेकीची माती अजून ओळखू येत होती. इम्मानुएलनं कडेनं दगड लावले होते. धुरपताबाईंनी तिथलं गवत उपटलं. गीताबाई मात्र जुन्या भागात, नावं पुसून गेलेल्या कबरींमधून फिरत राहिल्या. दर थोड्या वेळानं थांबायच्या, जमिनीकडं बघायच्या, परत चालायच्या. साडीला काटे लागले होते.

"सापडंना," त्या शेवटी म्हणाल्या.

संघप्रिया त्यांच्याकडं गेली. एका लिंबाच्या सावलीत जरा मोकळी जागा होती, ती तिनं पायानं साफ केली.

"इथंच कुठंतरी असंल, मावशी. बसा."

गीताबाई तिथं बसल्या. त्यांनी मातीवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. धुरपताबाई वाट बघत राहिल्या, की आता त्या मोठ्यानं प्रार्थना सुरू करतील. पण त्यांचे ओठ हलले नाहीत. पलीकडून गाडी गेली, जमीन थरथरली, आणि तिघी तशाच बसून राहिल्या.