उसन्या झोपेवरची चिठ्ठी

काट्याचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. घड्याळं दुरुस्त करायचा म्हणून काटा, आणि बोलणं टोचायचं म्हणूनही काटाच. शेजारी चष्म्याचं दुकान होतं. त्याचा मालक भिंग. दोन दुकानांत एक भिंत आणि दोन डोक्यांत एकच खूळ: अंतराळयानं, यंत्रमानव, परग्रह असलं काहीही पडद्यावर आलं की या दोघांना दुकानात करमत नसे. वयं पन्नाशीला टेकली, केस गेले, खूळ काही गेलं नाही.

या खुळातूनच एकोणीस वर्षांपूर्वी मंडळ निघालं होतं. मंडळ म्हणायचं आपलं, माणसं मोजून पाच. सुट्टीच्या दिवशी सकाळचा खेळ सगळ्यांनी मिळून बघायचा. मग आठ दिवस त्यावर विचार करायचा आणि पुढच्या सुट्टीला दुपारी भिंगाच्या दुकानात, अक्षरांच्या तक्त्याखाली बसून भांडायचं. भांडणाआधी एक खेळ असे. प्रत्येकाने सिनेमाचा एक गुण किंवा एक दोष चिठ्ठीवर लिहून टायपिस्टबाईंकडे द्यायचा. बाई कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करायच्या. त्या सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच कागदावर, नाव न घालता टाइप करून आणायच्या. भिंग एकेक वाचायचा आणि लिहिणारा ओळखायचा. तीन वेळा चुकला की लिहिणाऱ्याने उभं राहायचं. भिंग स्वतः चिठ्ठी लिहीत नसे.

काट्याची चिठ्ठी भिंग पहिल्या ओळीतच ओळखायचा. कधी कधी तर ओळ पुरी व्हायच्या आत. "यानातल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं आणि—" "काटा!" सगळे हसायचे आणि काटा तोंड वाकडं करायचा. मनातून मात्र तो सुखावायचा. त्याला बायको नव्हती, पोरंबाळं नव्हती, भाऊ परदेशी. आपल्याला अर्ध्या वाक्यात ओळखणारं एक माणूस जगात आहे, यावर त्याचं बरं चाललं होतं. हे तो कोणाजवळ बोलला नव्हता. अशा गोष्टी बोलायला तोंड लागतं, आणि त्याचं तोंड फक्त दोष काढायला उघडायचं.

आणि मग सिस्टर आली.

सिस्टर म्हणजे इस्पितळातली परिचारिका. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून भिंगाकडे आली आणि बोलता बोलता, पाचातला एक जण बदली होऊन गेला होता त्याच्या जागी, मंडळात शिरली. पस्तिशीची, हसरी. काट्याने मनाशी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण तिच्या तिसऱ्याच खेपेला, म्हाताऱ्या बाईची सेवा करणाऱ्या यंत्रमानवाच्या सिनेमावर, भिंगाने एक चिठ्ठी वाचली: "म्हातारीला उचलण्याआधी तो आपले लोखंडी हात गरम पाण्याच्या नळाखाली धरतो. हे त्याला कोणीच शिकवलेलं नाही." भिंग थांबला. चष्मा काढून त्याने काच पुसली. "सिस्टर," तो म्हणाला. "दुसरं कोण असणार? असं दिसायला मन लागतं."

असं दिसायला मन लागतं! काट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याची स्वतःची चिठ्ठी ओळखायला पहिल्यांदा भिंगाला वर्ष लागलं होतं. ही बाई तीन महिन्यांत तिथे पोहोचली, वर मनासकट. त्यानंतर काट्याचीच चिठ्ठी निघाली. भिंगाने "यंत्रमानवाच्या पोटातलं" एवढंच वाचलं, "काटा. पुढे," म्हणाला आणि ती खाली ठेवून दिली. पुरी वाचलीसुद्धा नाही.

त्या दिवसापासून काट्याचं पोट दुखायला लागलं ते थांबेना. सिस्टर दुकानात आली की भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. काटा हातातला स्क्रू खाली ठेवून ऐकायचा. चष्म्याच्या दुकानात हसण्यासारखं असतं तरी काय? चिमट्यातून स्प्रिंग उडून जायची आणि शिव्या बिचाऱ्या घड्याळाला.

त्यात 'उसनी झोप' नावाचा सिनेमा लागला. गोष्ट अशी: लांबच्या ग्रहाकडे निघालेलं यान, त्यात आठ माणसं. अकरा वर्षांचा प्रवास आणि कोणाला झोपायला सवड नाही. म्हणून एक माणूस सगळ्यांच्या वाटची झोप घेतो. त्याच्या डोक्याला तारा जोडलेल्या. तो झोपतो आणि बाकीचे सात ताजेतवाने होऊन काम करतात. अकरा वर्षं त्याला कशानेही जाग येणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं. शेजारी इंजिन फुटतं तरी तो ढिम्म.

खेळ सुटल्यावर नियम मोडून फुटपाथवरच भांडण पेटलं. बेकरीवाले काका मंडळातले सगळ्यात वडीलधारे. पहाटे तीनला भट्टी लावायचे, त्यामुळे थिएटरात दिवे गेले की त्यांचेही दिवे जायचे. पण मत असायचंच. "अकरा वर्षं पाव खातात, मग पीठ कुठे ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

"पावाचं जाऊ द्या हो," टायपिस्टबाई म्हणाल्या. "त्या कप्तानिणीचे केस बघितलेत? इंजिन फुटलं तरी एक बट हलली नाही. पण कल्पना मात्र झकास. एकाने झोपायचं, सगळ्यांनी जागायचं!"

काटा आपल्या दोषाची जुळवाजुळव करत होता, तोवर सिस्टर बोलली. "मला एक कळलं नाही. अकरा वर्षं एकाच कुशीवर? पाठीला जखमा झाल्या असत्या हो त्याच्या. आम्ही दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलतो."

भिंगाने खदखदून हसत काट्याच्या पाठीत थाप मारली. "काट्या, ऐकलंस? तुझी गादी गेली रे!"

काटाही हसला. हसावंच लागतं अशा वेळी. पण घरी जाईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. गुण बघायला मन हवं, ते तिच्याकडे. दोष बघायला डोळा हवा, तोही तिच्याकडे. मग आपण काय, खुर्च्या मांडायला?

तीन दिवसांनी, भर कामाच्या दिवशी, काट्याने दुपारी दुकानाला कुलूप लावलं. भिंगाला सांगितलं, दात दाखवायला जातोय. आणि गेला सिनेमाला. सिस्टरच्या तोंडात मारेल असा दोष शोधून काढल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून तो दुसऱ्या रांगेत वही घेऊन बसला. दहा-बारा दोष निघालेही. मग त्याला तेरावा दिसला आणि तो मनात म्हणाला, सापडला! झोपलेल्या माणसाच्या खाटेजवळून जाताना प्रत्येक जण चवड्यांवर चालत होता. प्रत्येक जण, प्रत्येक वेळी. दार हळू लावत होता, बोलत असला तर आवाज खाली आणत होता. अरे, पण त्याला कशानेच जाग येणार नाही ना? दिग्दर्शकाची ढळढळीत चूक! काट्याने ती वहीत लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

रेघा ओढून झाल्या आणि त्याला वडील आठवले.

म्हातारपणी वडील ठार बहिरे झाले होते. दुकानाच्या माळ्यावर दुपारी दोन ते चार झोपायचे. आणि काटा दोन वाजता टोल देणाऱ्या सगळ्या घड्याळांचे लंबक हाताने थांबवायचा, चारला पुन्हा सुरू करून वेळ लावायचा. चार वर्षं, रोज. त्यांना तोफ ऐकू आली नसती. तरीही. आणि भिंग रोज त्याच वेळी चहाचा कप घेऊन काउंटरपाशी उभा असायचा. त्याने हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

काटा अंधारात बसून रडला. मग नाक पुसलं आणि, खरं सांगायचं तर, त्याला लगेच आनंद झाला. असला गुण सिस्टरला सात जन्मांत दिसला नसता. त्याने वहीतल्या त्या दोन रेघा खोडल्या आणि चिठ्ठी लिहिली: "ज्याला जाग येणारच नाही, त्याच्यासाठीही सगळे पाय न वाजवता चालतात. अकरा वर्षं. याची त्यांना कोणी आज्ञा दिलेली नाही." भिंग हे वाचणार, क्षणभर थांबणार, चष्मा पुसणार आणि म्हणणार, काटा. सिस्टर ऐकत असणार. बस, एवढंच त्याला हवं होतं.

चिठ्ठी टाइप करताना बाईंनी काट्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पण त्या नियमाच्या पक्क्या. चिठ्ठी टाइप करून बाकीच्यांबरोबर डब्यात टाकली.

सुट्टीच्या दुपारी सगळे जमले. काट्याने धुतलेला शर्ट घातला होता. सिस्टर भिंगाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, म्हणजे काट्याच्या खुर्चीवर, पण आज त्याने तेही सोडून दिलं. भिंगाने डब्यात हात घातला आणि पहिलीच चिठ्ठी निघाली ती काट्याची.

भिंगाने वाचली. पुरी वाचली. मग थांबला. मग खरंच त्याने चष्मा काढला आणि काच पुसली. काटा खुर्चीच्या कडेला सरकून बसला.

"वा," भिंग म्हणाला. "वा, सिस्टर."

"माझी नाही हो," सिस्टर म्हणाली. "माझ्या लक्षातच नाही आलं हे. किती छान आहे!"

"तुमची नाही?" भिंग गोंधळला. मग त्याने टायपिस्टबाईंकडे बोट केलं. "बाई, तुम्ही! लपून राहता होय?"

बाईंनी मान हलवली. त्या खाली बघत होत्या.

एक संधी उरली होती. दोन माणसं उरली होती. भिंगाने बेकरीवाल्या काकांकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि नजर तिथे क्षणभरही न थांबवता परत काकांकडे वळवली. "काका! मी तर समजत होतो तुम्ही घोरता! मिटल्या डोळ्यांनी बघता की काय सिनेमा?"

काका प्रामाणिक माणूस. "अरे बाबा, मी पीठ दिसलं नाही म्हणून लिहिलंय," ते म्हणाले. "पाय कोणाचे? चालतात कधी ते?"

सिस्टर हसली, भिंग हसला, आणि मग हसता हसता भिंग थांबला. तीन चुका झाल्या होत्या. नियमाप्रमाणे काटा उभा राहिला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"तू?" भिंग म्हणाला.

नुसतं 'तू' असतं तर काट्याने सोसलं असतं. पण त्या 'तू'मध्ये जे आश्चर्य होतं, ते खरं होतं. झोपेत सिनेमा बघणाऱ्या माणसावर त्याने विश्वास ठेवला, पण आपल्यावर नाही.

"हो. मी," काटा म्हणाला. "एकोणीस वर्षं तू मला अर्ध्या ओळीत ओळखतोस ना? मग?"

"अरे, पण तू कधी... तू दोष काढतोस," भिंग चाचरला. "तू असं काही लिहिलंस का कधी? दाखवलंस का?"

"दाखवलं होतं. चार वर्षं रोज दाखवलं होतं. वडील माळ्यावर झोपायचे तेव्हा दोन ते चार टोलाची घड्याळं कोण बंद करायचं? आणि तू चहा पीत उभा राहून गिऱ्हाइकांना काय सांगायचास? 'हा असला चिकट माणूस, घड्याळं झिजतील म्हणून दुपारची बंद ठेवतो.'"

 तो विनोद भिंगाने कितीदा सांगितला असेल, त्याची गणती नव्हती. काट्यानेही दर वेळी हसून साथ दिली होती.

"मग तेव्हाच का नाही बोललास?" भिंगाने हळू विचारलं.

"मला वाटायचं, तुला माहीत आहे. आणि थट्टा आपली वरवरची आहे."

टायपिस्टबाई उगाच चिठ्ठ्यांच्या कडा जुळवत बसल्या. काकांना विषय नीट कळला नव्हता, पण त्यांनीही मान खाली घातली. सिस्टरचे डोळे भरून आले होते, आणि काट्याला याचाही राग आला. हिचं इथे काय काम होतं रडायचं? वडील त्याचे, घड्याळं त्याची, मित्रही, कालपर्यंत तरी, त्याचा.

भिंगाने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, ओठ हलवत. मग खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "काट्या, खरं सांग. आणखी काय काय चुकीचं पाहिलं मी?"

सांगण्यासारखं खूप होतं. भावाला निरोप देऊन विमानतळावरून परत येताना तो का बोलला नव्हता, ते होतं. भिंगाच्या मुलीच्या लग्नात तो जेवण न करता का निघून गेला होता, ते होतं. काट्याने तोंड उघडलं, आणि त्याची नजर आपल्या खुर्चीवर, डोळे पुसत कान देऊन बसलेल्या सिस्टरवर गेली.

"सांगीन," तो म्हणाला. "पण हिच्यासमोर नाही."